डबल काचेच्या खिडकीत "गॅस भरून देतो" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

ज्यांच्या घरी यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या) डबल काचेच्या खिडक्या आहेत आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरायला लागलंय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, आणि घरात आई-वडील किंवा सासू-सासरे दिवसभर एकटे असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. जूनमध्ये आमच्या सासऱ्यांकडून एका माणसाने 17,346 रुपये नेले आणि जाताना चांगल्या खिडक्या पण बिघडवून गेला. पैसे गेल्याचं दुःख आहेच पण त्याने जे जे सांगितलं ते इतकं खरं वाटणारं होतं की उद्या कोणाच्याही घरी हे होऊ शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही पुण्यात बावधनला राहतो, बिल्डिंग हायवेला लागूनच आहे. रात्रभर ट्रकचे हॉर्न, बाबांना झोपच लागायची नाही, म्हणून काही वर्षांपूर्वी बिल्डरने दिलेल्या साध्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग काढून दोन बेडरूम आणि हॉलला डबल काच बसवून घेतली. बराच फरक पडला होता. यंदा पहिला पाऊस झाला आणि बाबांच्या खोलीतल्या काचा सकाळी पांढुरक्या दिसायला लागल्या. आतून पुसलं तरी जाईना, बाहेरून पुसलं तरी जाईना, म्हणजे ओल दोन काचांच्या मध्येच होती. बाबांनी फोनवर आमच्या खिडकीच्या ब्रँडचं नाव आणि रिपेअर असं शोधलं, सगळ्यात वर एक नंबर आला, "अधिकृत सर्व्हिस सेंटर" असं लिहिलेलं, भरपूर स्टार, फोटो. नंतर कळलं की ब्रँडचा आणि त्या नंबरचा काही संबंध नाही, पण ते पान बघून कोणाला शंका येईल असं त्यात काहीच नव्हतं.

मी आणि नवरा दोघं ऑफिसला, घरी बाबा आणि आई. तो माणूस युनिफॉर्मसारखा टी-शर्ट घालून, सोबत हेल्पर म्हणून दोन मुलं घेऊन आला, बोलायला अतिशय गोड, काका-काकू करत. बॅगेतून बंदुकीसारखं थर्मामीटर काढलं, काचेवर लाल ठिपका मारला, 38 की 39 असा काहीतरी आकडा दाखवला आणि म्हणाला, "काका, दोन काचांच्या मध्ये गॅस असतो, तो लीक झालाय, म्हणून धुकं येतंय आणि आवाज पण वाढलाय बघा. नवीन काच म्हणजे चाळीस हजार खर्च, मी गॅस भरून देतो, काचेला 2,200, दोन वर्षं वॉरंटी." बाबांना एसीत गॅस भरतात हे माहिती, त्यामुळे त्यांना ते पटलं.

मग त्याने शटर, म्हणजे खिडकीचा सरकणारा भाग, उतरवलं, काच धरून ठेवणारी कडेची पट्टी (बीडिंग) काढली, काचेच्या कडेच्या काळ्या सीलमध्ये सुई घुसवली, छोट्या सिलेंडरमधून फुस्स करून काहीतरी सोडलं आणि वरून सिलिकॉन फासलं. त्यानंतर हीट गन काढून काच गरम करायला लागला आणि बाबांच्या डोळ्यांसमोर धुकं विरघळून काच स्वच्छ झाली. आई तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी सगळ्यांना चहा केला. त्याने लगेच फोटो काढले, बाबांकडून "काम समाधानकारक" असं लिहून सही घेतली आणि बाकीच्या काचांचं पण तसंच केलं.

आता यातलं खोटं काय ते सांगते, कारण हे समजलं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही.

डबल काचेच्या दोन काचांमध्ये कडेने अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. ती पोकळ असते आणि तिच्यात ओलावा शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. काच आणि पट्टीच्या मध्ये ब्यूटिलचं (एक प्रकारच्या रबराचं) चिकट सील आणि त्याच्या बाहेर सिलिकॉन किंवा पॉलीसल्फाइडचं दुसरं सील, असं सगळं कारखान्यात बंद करून येतं. कडेचं सील कुठे फाटलं की बाहेरची दमट हवा हळूहळू आत जाते, मणी आधी ती ओल पितात, त्यांची ताकद संपली की मग काचेवर धुकं दिसायला लागतं. म्हणजे धुकं दिसलं तेव्हा सील कधीच गेलेलं असतं आणि मणी पण संपलेले असतात, त्यावर घरी बसून होणारा रिपेअर नाही. त्या शटरची दोन काचांची पूर्ण जोडी नवीन बनवून घ्यायची. फ्रेम बदलायची गरज नाही, शटर बदलायची गरज नाही, फक्त काच. चाळीस हजाराची भीती पण खोटी आणि गॅसचा इलाज पण खोटा.

हीट गनचं म्हणाल तर काच गरम केली की आतली हवा गरम होते, गरम हवेत वाफ जास्त मावते, म्हणून धुकं दिसेनासं होतं. पाणी कुठेही गेलेलं नसतं, आतच असतं. बाबांनी रात्री एसी लावला, आतली काच गार झाली आणि सकाळी होतं तसं सगळं परत. त्यामुळे कोणी तुमच्यासमोर काच गरम करून "बघा गेलं" म्हणत असेल तर पैसे देऊ नका, एसी लावून एक रात्र जाऊ दे म्हणून सांगा, तो थांबणार नाही.

आणि गॅस. काही काचांमध्ये आर्गॉन भरतात हे खरं आहे, आर्गॉनमधून हवेपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी उष्णता वाहते म्हणून. पण आपल्याकडे घरांत बसणाऱ्या बहुतेक काचांमध्ये नुसती कोरडी हवाच असते, आमच्या जुन्या कोटेशनमध्ये पण गॅसचा उल्लेखच नाही. जो गॅस कधी भरलाच नव्हता तो लीक काय होणार. आणि ते थर्मामीटर फक्त काचेच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतं, दुपारी ऊन पडलेल्या काचेवर 39 दिसणारच, आत काय आहे ते त्याला कळत नाही. कोणी काचेला भोक पाडून वाळवतो म्हणालं तर कोपऱ्यात टफन ग्लासचा (तापवून मजबूत केलेल्या काचेचा) शिक्का आहे का बघा, टफन काचेला भोक पाडायला गेलं तर तिचा चुरा होतो.

आवाजाचा तर गॅसशी जवळपास काही संबंधच नाही. स्लायडिंगमध्ये आवाज फटीतून येतो, कडेचा ब्रश झिजतो, रबर कडक होतं, नाहीतर शटर थोडं खाली बसतं आणि लॉक नीट आवळत नाही. शटरच्या खालच्या कडेला छोटं भोक असतं, आत स्क्रू, तो फिरवला की रोलर, म्हणजे शटरखालची चाकं, वर-खाली होऊन शटर सरळ होतं. आमचं शटर तेवढ्यानेच बऱ्यापैकी बसलं. त्या माणसाने मात्र "इंपोर्टेड रोलर" म्हणून 2,400 लावले आणि नंतर उघडून बघितलं तर तेच जुने रोलर पुसून तेल लावून परत बसवलेले, जुनी झिजलेली रेघ तशीच दिसत होती. काढलेले जुने पार्ट समोर ठेवायला सांगा, नवीन पार्टचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. त्याने "वॉटरप्रूफिंग" म्हणून 3,500 घेऊन बाहेरच्या बाजूने खालच्या फ्रेमला सगळीकडे सिलिकॉन मारलं. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येतंच, ते बाहेर जायला फ्रेमला बाहेरून बारीक खाचा असतात, त्यावर छोटी प्लास्टिकची टोपणं असतात. याने ती सगळी टोपणं सिलिकॉनने बंद करून टाकली! नंतर जोराचा पाऊस आला तेव्हा पाणी ट्रॅकमध्ये साठलं आणि वरून ओसंडून खोलीत आलं, बाबांच्या पलंगाखालचं लाकडी फ्लोअरिंग फुगलं. आधी त्या खिडकीतून थेंब सुद्धा आत आला नव्हता. आणि नुसतं फ्लोअरिंग नाही, पाणी असं साचून राहिलं की शटरच्या खालच्या पट्टीत पण शिरतं, काचेची खालची कड त्यात भिजत राहते आणि धड असलेलं सील पण लवकर जातं. म्हणजे ज्या रोगाचे पैसे घेतले तोच रोग चांगल्या काचांना पण लावून गेला. शिवाय त्याच्या सिलिकॉनला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत होता, आई म्हणत होत्या खोलीत थांबवत नव्हतं. तसा वास असलेलं सिलिकॉन स्वस्तातलं असतं, डबल काचेच्या कडेला ते चालत नाही, तिथे न्यूट्रल सिलिकॉन लागतं. ट्यूबवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

तुमच्याकडे पावसात ट्रॅकमध्ये थोडं पाणी दिसलं तर घाबरू नका. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता आणि ते बाहेर जातंय का बघा. जात नसेल तर खाचेत माती, सिमेंट, मेलेले किडे अडकलेले असतात, जुना टूथब्रश आणि बारीक तार पुरते, पण वरच्या मजल्यावर असाल तर बाहेर वाकून करू नका, आतूनच करा.

बिलाचं सांगायचं राहिलं. गॅसचे 8,800, सिलिकॉन 3,500, रोलर 2,400, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 2,646. छापील कागद, त्यावर जीएसटी नंबर पण होता. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, याचा तसाच होता, पण जीएसटीच्या साइटवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. एक मिनिटाचं काम आहे, पैसे द्यायच्या आधी टाकून बघा. यूपीआय पण कंपनीच्या नावावर नाही, एका खाजगी व्यक्तीच्या खात्यावर गेलं. वॉरंटीसाठी फोन केला तर आधी "उद्या माणूस पाठवतो", मग बाबांचा नंबर ब्लॉक, मग माझा पण.

शेवटी जुनं कोटेशन शोधलं, त्यावर ज्या फॅब्रिकेटरने खिडक्या बसवल्या होत्या त्याचा नंबर होता. ते दादा आले, बघून त्यांनाच वाईट वाटलं. खरं धुकं फक्त बाबांच्या खोलीतल्या दोन काचांमध्ये होतं, उरलेल्या दोन चांगल्या होत्या, पण त्यांच्या सीलमध्ये पण सुया खुपसलेल्या म्हणून त्या पण गेल्याच. त्यातल्या एकीचा बाहेरचा कोपरा सकाळी ओला दिसायचा तो बाहेरच्या बाजूने होता, म्हणजे खोली एसीने गार आणि बाहेर पावसाळी दमट हवा, हातरुमालाने पुसलं तर जायचं. तो दोष नसतोच. त्यांनी माप घेतलं, काचा बनवून आणल्या, एका काचेला साडेचार हजारांच्या आसपास पडले, फिटिंग धरून. काचेच्या खाली छोटे प्लास्टिकचे ठोकळे लावले म्हणजे काच पाण्यात टेकत नाही, बुजवलेल्या खाचा एकेक करून कोरून काढल्या. नवीन काचेच्या स्पेसरवर बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली आहे, त्याचा फोटो काढून ठेवलाय, तुम्ही पण काढून ठेवा. वॉरंटी फ्रेमची वेगळी आणि काचेची वेगळी असू शकते, जुनी कागदपत्रं बघितल्याशिवाय बाहेरच्या कोणाला बोलावूच नका, कदाचित तुमची काच अजून वॉरंटीत असेल.

काही नातेवाईक बाबांना म्हणाले की एवढे शिकलेले असून कसे फसलात. मला हे अजिबात आवडलं नाही. बाबांनी आयुष्यभर माणसावर विश्वास ठेवून कामं करून घेतली, समोर काच स्वच्छ झालेली बघितली आणि कबूल केलेले पैसे दिले. चूक त्या माणसाची आहे जो म्हातारी माणसं एकटी बघून घरात शिरतो. बाबा नंतर बरेच दिवस गप्प होते, कोणाला दार उघडायला पण नको म्हणायचे, ते मला त्या पैशांपेक्षा जास्त लागलं. तुमच्या घरी असं झालं तर आधी त्यांना बोलू नका, तक्रार करायला त्यांच्यासोबत बसा.

तक्रार आम्ही 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केलीय, मराठीतून बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चाललीय, तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, ऑनलाइन पण करता येतो. खोटं नाव दाखवून यूपीआयवर पैसे घेतले म्हणून 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, पण लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता कमी. बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, फोनवर सापडलेल्या त्या पानाचा (लिस्टिंगचा) स्क्रीनशॉट, चॅट, खिडकीचे फोटो, काही डिलीट करू नका.

आमच्या तक्रारीनंतर ती लिस्टिंग गेली, पण गेल्या आठवड्यात नवऱ्याला तेच फोटो वेगळ्या नावाने आणि वेगळ्या नंबरने परत दिसले, आता पत्ता पाषाण-बाणेरकडचा टाकलाय. फोटोत आमच्याच हॉलची खिडकी आहे, मागे आईंची तुळस दिसतेय. ती पण आम्ही रिपोर्ट केलीय. त्या भागात राहत असाल तर सोसायटीच्या ग्रुपवर आणि गेटवरच्या सिक्युरिटीला आजच सांगून ठेवा.