दादरमध्ये घर: पागडीचं की मालकीचं?

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली आणि पुढे दादर-माटुंग्याला आखीव, रुंद रस्ते मिळाले. इथे घर घ्यायचं तर पागडी (एकरकमी पैसे देऊन, नाममात्र भाड्यावर कायम राहायचा हक्क) की मालकी?

पागडीचं स्वस्त पडतं, आणि घर तरी किती देखणं! उंच छत, पायांना गार लागणारी नक्षीची लादी. मी तिथेच वाढले. पण कागदोपत्री तुम्ही भाडेकरूच. विकताना घरमालकाला हिस्सा द्यावा लागतो, बँका सहसा कर्ज देत नाहीत. पावसाळ्यात गळक्या छताखाली आईने मांडलेल्या बादल्या मला अजून आठवतात.

मालकीचा फ्लॅट महाग, खोल्या लहान. तरी कर्ज मिळतं, सोसायटीत मत असतं. आयुष्याची पुंजी लावणार असाल तर मालकीच घ्या. पागडी घेतलीच, तर इमारत उपकरप्राप्त आहे का, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा सरकारी उपकर तिच्यावर लागतो का, ते आधी वकिलाकडून तपासून घ्या.