एफडी मागितली, पॉलिसी हातात पडली: लोकपाल की ग्राहक आयोग?

बँकेने खोटं बोलून काही गळ्यात मारलं की सल्ले दोन प्रकारचे मिळतात. एक म्हणतो, "आरबीआयकडे तक्रार टाका, दुसऱ्या दिवशी बँकेचा फोन येतो." दुसरा म्हणतो, "लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) वगैरे सोडा, ग्राहक कोर्टात खेचा." दोघंही रक्कम किती, बँक कोणती हे विचारतात, पण खोटं नेमकं कशात सापडतंय हे विचारत नाहीत. माझ्या मते कुठे जायचं याचा निर्णय त्यावरच व्हायला हवा.

नेहमी घडणारा प्रकार घेऊ. निवृत्त शिक्षिका मुदत ठेव नव्याने करायला शाखेत जातात. रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, "काकू, ही एफडीच आहे, व्याज जरा जास्त. पाच वर्षांनी कधीही काढा." टॅबवर ओटीपी, कागदावर सह्या, खात्यातून ३ लाख वजा. पुढच्या वर्षी हप्त्याचा मेसेज येतो तेव्हा कळतं की ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि हप्ते १० वर्षं भरायचे आहेत. तोवर त्या मॅनेजरची बदली झालेली असते. नवा साहेब फॉर्म पुढे करून विचारतो, "सही तुमचीच ना?"

पॉलिसीचे कागद मिळून ३० दिवस झाले नसतील तर हा पुढचा सगळा लेख बाजूला ठेवा. या ३० दिवसांत, म्हणजे फ्री लूक काळात, पॉलिसी परत करता येते. संरक्षणाच्या दिवसांचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क एवढं कापून बाकी पैसे परत मिळतात. खोटं सिद्ध करण्याची गरजच पडत नाही. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. शाखेतला माणूस "मी करून देतो" म्हणाला तरी त्याच्या भरवशावर राहू नये, कारण ३० दिवस टळण्यात त्याचाच फायदा असतो.

मुदत उलटली असेल तर पहिली लेखी तक्रार बँकेकडे करावी; रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं असेल तर ती लागतेच. आधी शाखा किंवा तक्रार पोर्टल, मग बँकेने तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी. मोठ्या बँकांत त्यांचा स्वतःचा अंतर्गत लोकपालही असतो, पण त्याच्याकडे आपण जायचं नसतं. बँक तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल तर तिनेच ती त्याच्यापुढे ठेवायची असते. म्हणून नकाराचं पत्र आलं की त्यात अंतर्गत लोकपालाचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर तोही एक मुद्दा होतो. तोंडी तक्रार, व्हॉट्सॲपवरची वादावादी, कॉल सेंटरचं "आपकी बात नोट कर ली है" यांतलं काही पुढे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो तक्रार क्रमांक आणि त्याची तारीख.

याच पत्रात एक मागणी आवर्जून घाला. पॉलिसी देण्याआधी विमा कंपनी पडताळणीचा फोन करते. त्या वेळी समोर बसलेला मॅनेजर "सगळ्याला हो म्हणा" सांगतो, हे सर्वश्रुत आहे. ते रेकॉर्डिंग जपून ठेवावं आणि त्याची प्रत द्यावी, असं लिहा. सोबत प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसीसाठी तुमच्या नावाने भरलेल्या अर्जाची, पूर्ण प्रत मागा. बँक सरकारी असेल तर आपल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्जही चालतो, शुल्क १० रुपये. खाजगी बँकेला तो कायदा लागू नाही, तिथे पत्रव्यवहारावरच भागवावं लागतं.

आधी प्रस्ताव अर्ज वाचा

अर्ज हातात आला की शांतपणे वाचा. निवृत्तिवेतन २८ हजार आणि अर्जात वार्षिक उत्पन्न १२ लाख? व्यवसाय "बिझनेस"? मोबाइल नंबर किंवा ईमेल दुसऱ्याचाच? शिक्षण, आजार, आधीच्या पॉलिसी, काहीही मनाने भरलेलं? हे कागदावरचं खोटं. ते सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही, पेन्शनचं पासबुक पुरतं. याउलट "एफडीच आहे असं म्हणाला" हे बोलण्यातलं खोटं. ते खरं असलं तरी तुमच्या सहीचा कागद त्याच्या विरुद्ध उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन जुन्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना आली. पूर्वी कुठल्या शहरातला लोकपाल आपला हे शोधावं लागे. आता रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर एकच अर्ज, किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पत्र. १४४४८ या हेल्पलाइनवर मराठीतही माहिती मिळते. शुल्क नाही. वकील लावता येत नाही, पण मुलगा, मुलगी किंवा शेजारच्या जोशीकाकांना लेखी अधिकार देऊन त्यांच्यामार्फत तक्रार करता येते. हे मला या योजनेचं सगळ्यात मोठं बलस्थान वाटतं, कारण वकील आला की बँकेचं पारडं आपोआप जड होतं.

बँकेला तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर इथे यायचं. २०२१ च्या योजनेनुसार उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत. बँकांनी विकलेल्या विमा आणि म्युच्युअल फंडांच्या विक्रीतल्या गैरप्रकारांना २०१७ सालीच लोकपालाच्या कक्षेत आणलं गेलं होतं, त्यामुळे "विमा आमचा विषय नाही" हे बँकेचं उत्तर चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत ग्राहकाला योग्य तेच उत्पादन विकलं जाण्याचा हक्क आहे. सत्तरीच्या बाईला १० वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी, हा मुद्दा तक्रारीत त्या सनदेचं नाव घेऊन लिहावा.

२०२१ च्या योजनेनुसार परिणामी नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ, खर्चासाठी १ लाखापर्यंत भरपाई देता येते. हे आकडे सुधारले जातात, तेव्हा अर्ज करताना पोर्टलवर ताजे पाहून घ्यावेत. निवाडा झाला की मात्र तारखेकडे लक्ष हवं: पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून तो मान्य असल्याचं पत्र ३० दिवसांत दिलं नाही तर निवाडा रद्द होतो. मान्य नसेल तर पत्र देऊ नका, पुढची वाट मोकळी राहते.

आता खरी अडचण. ही प्रक्रिया संक्षिप्त आहे. साक्षीदार, उलटतपासणी काही नाही. ज्या तक्रारीला भरपूर कागदोपत्री आणि तोंडी पुरावा तपासावा लागेल ती लोकपाल त्याच कारणाने बंद करू शकतो. म्हणून उत्पन्न खोटं भरलेलं, नंबर दुसऱ्याचा, वय आणि हप्त्यांचा काळ न जुळणारा असं काही कागदात असेल तर लोकपाल हा सगळ्यात स्वस्त आणि सरळ मार्ग. नुसतं "तो असं म्हणाला" एवढंच असेल तर नकाराची तयारी ठेवून जावं. जाऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. पोर्टलवर तक्रार पडली की बँकेला लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि त्या उत्तरात ती जे कबूल करते ते पुढे आयोगात कामी येतं.

ग्राहक आयोग

इथे ऐकून घ्यायला वेळ असतो आणि तोच त्याचा दोषही आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. तारखा पडत गेल्या की वर्षं कशी जातात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. पण शपथपत्र, प्रश्नावली, रेकॉर्डिंग समोर मागवणं, हे सगळं इथे होतं. बोलण्यातल्या खोट्याला काही जागा असेल तर ती इथेच.

२०१९ च्या कायद्याने एक फार मोठी सोय केली. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बँकेचं मुख्यालय मुंबईत असलं तरी सांगलीच्या माणसाने सांगलीतच यायचं, बँकेने यावं. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. अर्ज ऑनलाइन होतो, वकील बंधनकारक नाही. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही, काही बँका तिथेच नमतात. निकाल बँकेच्या विरुद्ध गेला आणि तिला अपील करायचं असेल तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, ही तरतूद बँकांना आवडत नाही.

मुदत दोन वर्षांची. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होतो असं धरून चालू नका. आणि प्रकरण आयोगात किंवा कोर्टात सुरू असताना त्याच कारणासाठी लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून क्रम आधी लोकपाल, मग आयोग असाच ठेवावा लागतो.

तक्रारीच्या भाषेबद्दल एक सांगतो, कारण चांगली प्रकरणं इथेच पडतात. रागाच्या भरात लोक "फसवणूक", "गुन्हेगारी कट", "दरोडा" असे शब्द भरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सिटी युनियन बँकेच्या प्रकरणात म्हटलं की फसवणुकीसारखे गुन्हेगारी स्वरूपाचे आणि फार वादग्रस्त तथ्यांचे प्रश्न आयोगाच्या संक्षिप्त कामकाजात ठरवता येत नाहीत. बँकेचा वकील हेच वाक्य पुढे करणार. तुम्ही "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" या दोन शब्दांवर ठाम राहा. घटना त्याच, पण त्या आयोगाच्या कक्षेत राहतात.

विमा लोकपाल, आणि पोलीस

पॉलिसी आयुर्विम्याची असेल तर विमा लोकपालाकडेही जाता येतं, मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. इथे समोर असते विमा कंपनी, बँक फक्त तिची कॉर्पोरेट एजंट, म्हणजे तिच्या पॉलिसी विकणारी. आधी कंपनीला तक्रार, ३० दिवस वाट, मग अर्ज. मर्यादा ५० लाख, शुल्क नाही, निवाडा कंपनीवर बंधनकारक. नुसती पॉलिसी रद्द होऊन हप्ता परत हवा असेल, बँकेला धडा शिकवण्यात रस नसेल, तर मी हा मार्ग आधी धरेन. पैसे कंपनीकडे आहेत, तिथेच मागावेत.

दरम्यान शाखेतून "सरेंडर करून टाका, सरेंडर व्हॅल्यूतून दुसरी चांगली पॉलिसी देतो" असा प्रेमळ फोन येईल. सरेंडर म्हणजे पॉलिसी मुदतीआधी आपणहून बंद करणं. सरेंडरच्या कागदावर सही झाली की "ग्राहकाने स्वेच्छेने बंद केली" असं उत्तर तयार होतं. तक्रार सुरू असेपर्यंत सही नको.

सही खोटी असेल, किंवा मॅनेजरने रोख घेऊन पावती दिली नसेल, तर विषय बदलतो. तिथे पोलीस ठाणं, आणि ओटीपी किंवा कार्डने पैसे गेले असतील तर तातडीने १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँकेला लेखी सूचना. अनधिकृत व्यवहार तिसऱ्या पक्षाच्या (ना बँकेच्या, ना ग्राहकाच्या) चुकीने झाला असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते, हा नियम २०१७ पासून आहे.

गावाकडच्या वाचकांसाठी एवढंच: पतसंस्थेला लोक सर्रास "बँक" म्हणतात. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. पावतीवर "सहकारी पतसंस्था" असं असेल तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे जाते. संस्था बहुराज्यीय असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे.