'स्टांचिक'चं कॅनव्हास प्रिंट: घेण्याआधी खिडकी बघा

पोलिश चित्रकार यान मातेयकोचं 'स्टांचिक' भिंतीवर लावायचं म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कॅनव्हास प्रिंट मागवलं. पॅकिंग एकदम चोख, फ्रेमचं लाकूडही दणकट, पण चित्राची पार वाट लावलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे १८६२ चं तैलचित्र, मूळ वॉर्सॉच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. लाल कपड्यातला दरबारी विदूषक स्टांचिक खुर्चीत अंग टाकून बसलाय, बोटं एकमेकांत अडकवलेली, नजर कुठेतरी खाली, पलीकडच्या दालनात पोलंडच्या राणी बोनाचा नाचगाण्याचा जलसा ऐन रंगात आलाय आणि इकडे टेबलावर स्मोलेन्स्क हातचं गेल्याची खबर देणारं पत्र पडलंय. (ते शहर मॉस्कोने १५१४ मध्ये घेतलं.) अख्ख्या राजवाड्यात त्या बातमीने झोप उडालेला हा एकटाच, आणि याचं काम काय तर लोकांना हसवायचं! मातेयको तेव्हा फक्त २४ वर्षांचा होता, विदूषकाला त्याने स्वतःचाच चेहरा दिलाय. पोलंड तर त्या वेळी नकाशावर नव्हताच, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतलेला, त्यामुळे ही काळजी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजाची राहतच नाही, ती चित्रकाराची स्वतःची होते. मला तरी माणसाच्या चेहऱ्यावरचा विचार इतका खरा रंगवलेला दुसरीकडे क्वचितच दिसलाय.

आता प्रिंटचं. लाल रंग इतका भडक केलाय की कपड्याच्या चुण्याच गायब, नुसता डाग दिसतो. त्याहून वाईट म्हणजे मागची खिडकी ठार काळी झालीय. मूळ चित्रात त्या खिडकीतून रात्रीचं क्राकोच्या वावेल टेकडीवरचं कॅथेड्रल आणि आकाशात धूमकेतू दिसतो, म्हणजे येणाऱ्या संकटाची खूण, ती इथे नाहीच. आणि साइझमध्ये बसवायला खालून कापलंय, त्यात त्याने जमिनीवर टाकून दिलेली विदूषकाची काठी गेली. पत्र, धूमकेतू, काठी हे काढून टाकलं तर उरतो एक दमलेला माणूस, तो का असा बसलाय ते कळायला काही मार्गच नाही.

मी ते परत पाठवलं. तुम्हाला हवं असेल तर वॉर्सॉच्या म्युझियमच्या डिजिटल संग्रहातली इमेज घ्या, मातेयको १८९३ मध्ये वारला त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही, आणि जवळच्या चांगल्या प्रिंटिंगवाल्याकडे समोर बसून काढून घ्या, आधी खिडकीच्या भागाचा छोटा तुकडा टेस्ट म्हणून काढायला सांगा. मूळ साधारण ८८ × १२० सेंटीमीटर आहे, तेव्हा प्रमाण तेच ठेवा आणि फार लहान करू नका, नाहीतर धूमकेतू पुन्हा दिसणार नाही.

पाचपैकी दोन स्टार, फ्रेम आणि पॅकिंगचे.