नाशिकजवळचा ओव्हल गो-कार्ट ट्रॅक : धावपट्टीवर वेग आवरला, पिट लेनमध्ये मात्र मोकळा

नाशिकहून त्र्यंबकच्या दिशेने थोडे बाहेर पडले की द्राक्षबागांच्या शेजारी एक नवा गो-कार्ट ट्रॅक लागतो. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी तिथे दोनदा जाऊन आलो. ट्रॅकचे नाव येथे देत नाही, कारण ज्या त्रुटी आढळल्या त्या मी चालवणाऱ्यांना समक्ष सांगितल्या आहेत आणि त्यांनी सुधारणेला सुरुवातही केली आहे. आठ फेऱ्यांचे चारशे रुपये घेतात. रविवारी संध्याकाळी अर्धा तास थांबावे लागते. चहा बरा आहे.

ट्रॅक लंबगोल आहे, म्हणजे दोन सरळ पट्ट्या आणि दोन्ही टोकांना डावीकडची वळणे. अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या मोटारींच्या शर्यती मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे, त्यामुळे आपल्या गावाजवळ ओव्हल झाला याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याच आवडीमुळे माझी नजर सुरक्षेच्या व्यवस्थेकडे आधी गेली आणि हे परीक्षण मुख्यतः तिच्याविषयी आहे.

प्रथम चांगले ते सांगतो. सुरुवातीलाच एक मुलगी केस मोकळे सोडून आणि ओढणी घेऊन रांगेत उभी होती. तिथल्या कर्मचाऱ्याने तिला ओढणी काढून ठेवायला लावली, केसांचा अंबाडा घालून त्यावर जाळीची टोपी चढवायला सांगितली आणि ते झाल्याशिवाय कार्टला हात लावू दिला नाही. कार्टचा मागचा ॲक्सल बसणाऱ्याच्या पाठीमागे उघडा फिरत असतो. त्यात केस किंवा कपडा अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. मुलीचे वडील थोडे वैतागले होते, तरी तो तरुण नम्रपणे पण ठामपणे आपल्या म्हणण्यावर राहिला. त्याचे मी मुद्दाम कौतुक करतो.

वळणांच्या बाहेरच्या बाजूला टायरच्या थप्प्या आहेत. त्या नुसत्या रचून ठेवलेल्या नाहीत. एकमेकींना बोल्टने जोडून समोरून कारखान्यातील जुन्या कन्व्हेअरचा रुंद पट्टा ताणून बसवला आहे. यामुळे आदळलेली कार्ट दोन टायरांच्या फटीत रुतत नाही, पट्ट्यावरून घासत पुढे जाते आणि धक्का वाटला जातो. मोठ्या ओव्हलवरील सेफर भिंतीमागेही हाच विचार आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या अभियंत्यांनी तयार केलेली ही भिंत २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिस येथे बसवली गेली. काँक्रीटच्या पुढे पोलादी चौकोनी नळ्या आणि दोहोंच्या मध्ये फोमचे ठोकळे अशी तिची रचना असते. गाडी आदळली की भिंत थोडी मागे सरते आणि चालकाच्या शरीरावर येणारा झटका कमी होतो.

आता वेगमर्यादेकडे वळतो. सरळ पट्टीच्या कडेला ‘वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर’ असा मोठा फलक आहे. कार्टमध्ये स्पीडोमीटर नाही. मग ही मर्यादा पाळायची कशी, असे मी व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “काका, काळजीच करू नका, इंजिनाला गव्हर्नर बसवलाय. पाय कितीही दाबा, चाळीसच्या वर जातच नाही.” हे उत्तर मला पूर्ण पटले, कारण नॅस्कारनेही असाच उपाय केला होता. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टॅलाडेगाचा ट्रॅक २.६६ मैलांचा असून त्याची वळणे ३३ अंशांनी कललेली आहेत. १९८७ मध्ये नॅस्कारचे चालक बिल एलियट यांनी तिथे पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर, असा वेग नोंदवला. पुढे त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन यांच्या गाडीचा टायर फुटला, गाडी हवेत उचलली जाऊन प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. त्यानंतर तिथे वेगाचा फलक लावला गेला नाही. १९८८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना आणि टॅलाडेगा येथे कार्ब्युरेटरखाली चार भोकांची धातूची प्लेट बसवणे सक्तीचे झाले. हवा कमी मिळाली की इंजिनाची ताकद कमी होते, आणि नियम मोडण्याचा प्रश्नच उरत नाही. नाशिकच्या कार्टमधला गव्हर्नर त्याच जातीचा उपाय आहे, आणि तो योग्य जागी आहे.

त्रुटी आहे ती पिट लेनमध्ये, म्हणजे कार्ट थांबवून चढण्या-उतरण्याच्या आतल्या गल्लीत, आणि ती मला गंभीर वाटते. भाच्याच्या आठ फेऱ्या झाल्यावर त्याला चौकटीचा झेंडा दाखवला गेला. तो मुख्य ट्रॅकवरून आत वळला तो त्याच पूर्ण वेगाने, कारण गव्हर्नरला ट्रॅक आणि पिट लेन यांतला फरक कळत नाही आणि वेग कधी कमी करायचा हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आत एक कर्मचारी गुडघ्यावर बसून एका लहान मुलाच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होता. त्याची पाठ येणाऱ्या कार्टकडे होती. भाच्याने करकचून ब्रेक दाबला, कार्ट तिरकी घसरली आणि त्या माणसाच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबली. जळक्या रबराचा वास आला तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिले. भाचा उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. “मामा, मला वाटलं आतपर्यंत तसंच यायचं असतं,” एवढेच तो बोलला.

ट्रॅकवर चालकाभोवती चौकट, पट्टे आणि हेल्मेट असते. पिट लेनमधल्या माणसाच्या अंगावर तेवढा शर्ट असतो. मोठ्या शर्यतींना हे फार उशिरा उमगले. नोव्हेंबर १९९० मध्ये अटलांटा येथे पिट रोडवर, म्हणजे तिथल्या पिट लेनमध्ये, घसरलेली एक गाडी एलियट यांच्या उभ्या गाडीवर आदळली आणि मागचे टायर बदलणारे माईक रिच यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत नॅस्कारमध्ये पिट रोडवर वेगमर्यादाच नव्हती; १९९१ मध्ये ती आली. आज छोट्या ओव्हलवर ती ताशी ३० मैलांपर्यंत खाली येते आणि सर्वांत मोठ्या ट्रॅकवरही ताशी ५५ मैलांच्या आसपास असते.

ती पाळली कशी जाते, हे आपल्या ट्रॅकच्या चालकांनी विशेष समजून घ्यावे. नॅस्कारच्या गाड्यांतही पारंपरिक स्पीडोमीटर नसतो. शर्यत सुरू होण्यापूर्वी पेस कार, म्हणजे सर्वांच्या पुढे चालणारी आयोजकांची गाडी, सगळ्या गाड्यांना पिट रोडच्या ठरलेल्या वेगाने फिरवते आणि चालक त्या वेगाला आपल्या इंजिनाचे फेरे किती पडतात हे टॅकोमीटरवर पाहून ठेवतात. पिट रोडवर आडव्या रेषा आखून त्याचे टप्पे केलेले असतात. दोन रेषांमधले अंतर किती वेळात कापले यावरून वेग मोजला जातो आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड होतो. सांगायचे असे की मर्यादा, ती ओळखण्याचे साधन आणि ती मोजण्याची रीत या तिन्ही गोष्टी बरोबर दिल्या जातात. आपल्याकडे फक्त फलक आहे, आणि तोही सरळ पट्टीवर, जिथे त्याची गरज नाही.

हेल्मेटची स्थिती मध्यम म्हणावी लागेल. सहा हेल्मेट पाहिली. सगळ्यांवर आयएसआयचा शिक्का होता, परंतु दोघांच्या हनुवटीखालचे बक्कल सैल होते आणि भाच्याच्या डोक्याला तर एक माप मोठेच दिले गेले. मान सांभाळण्याचे महत्त्व जगाला २००१ च्या फेब्रुवारीत डेटोना येथे नॅस्कारचे नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांच्या मृत्यूने कळले. कवटीच्या तळाशी झालेला अस्थिभंग हे त्याचे कारण होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने हेल्मेट खांद्यांवरच्या पट्टीशी जखडणारे साधन सक्तीचे केले. चाळीसच्या वेगाला असे साधन नको, पण मापाचे हेल्मेट आणि घट्ट पट्टा तरी हवाच. पिवळ्या झेंड्याचा अर्थ (पुढे धोका आहे, वेग कमी करा) सुरुवातीच्या सूचनांत सांगतात, मात्र मागे गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की मागच्या रांगेला ऐकू जात नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पिट लेनच्या तोंडाशी आता एक पांढरी रेषा आखली आहे, तिच्या अलीकडे रबराचे दोन गतिरोधक बसवले आहेत आणि निळ्या बनियनमधला एक मुलगा तिथे उभा राहून प्रत्येक कार्टला हाताने वेग कमी करण्याची खूण करतो. पट्टे बांधणारा कर्मचारी आता येणाऱ्या कार्टकडे तोंड करून बसतो. दिवसा ही व्यवस्था नीट चालते. अंधार पडल्यावर मात्र ती रेषा दिसत नाही, कारण दिव्यांचे खांब सगळे मुख्य ट्रॅककडे वळवलेले आहेत. पाचपैकी साडेतीन गुण देतो. पिट लेनवर एक दिवा लावला की चार देईन. तोपर्यंत मुलांना न्यायचे असेल तर साडेपाचच्या आत फेऱ्या उरकतील अशा बेताने न्यावे.