पिन बदलून घेतली, दोष निघाला भलतीकडेच

फाइव्ह-सी कोलेटवाला (फाइव्ह-सी हे कोलेटचं एक प्रमाणित माप, कोलेट म्हणजे कटर पकडणारी चिरलेली नळी) स्पिन इंडेक्सर, म्हणजे कटर मोजक्या अंशांनी फिरवून धरणारं साधन, कटर ग्राइंडरच्या (कटरला धार लावायच्या यंत्राच्या) टेबलावर बसवून आठ महिने झाले. स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) 36 भोकांची प्लेट, बॉडीत 10 भोकं, दोन्हींची भोकं जुळवून पिन घातली की तो जागेवर थांबतो, असा एकेका अंशाने फिरतो.

तिसऱ्या महिन्यात 12 मिमीच्या चार दाती एंड मिलच्या (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरच्या) पुढच्या दातांना धार लावली. पोलादावर चालवली तर एकच दात कापतोय, आवाजावरूनच कळत होतं. दुसऱ्याच पासला त्याचा कोपरा उडाला. मी खापर फोडलं पिनवर, कारण ती भोकात हाताला हलत होती. विक्रेत्याशी तीन आठवडे वाद. 'एवढा खेळ चालतोच' या उत्तराने डोकं फिरलं. अखेर नवी पिन आली, घट्ट बसली, आणि पुढच्या कटरचाही एक दात वरच.

मग वही काढली. जुनी पिन असताना स्पिंडलला पट्टी बांधून, मध्यापासून 100 मिमीवर डायल (बारीक हालचाल मोजणारा गेज) लावला होता, 0.4 मिमी हलत होतं. कटरच्या 6 मिमी त्रिज्येवर ते उरतं 0.024. क्लिअरन्स (धारेमागचा उतार) 6 अंश धरला, तर दाताच्या उंचीत फरक जेमतेम अडीच मायक्रॉन (0.0025 मिमी). विक्रेत्याचं म्हणणं बरोबर होतं, हे इथे लिहायलाच हवं.

डायल कोलेटच्या तोंडावर टेकवून स्पिंडल मागेपुढे ढकलला: 0.06 मिमी! हा खेळ जसाच्या तसा दाताच्या उंचीत उतरतो, कशानेही भागला जात नाही. प्लेट स्पिंडलवर सेटस्क्रूने धरलेली असते, तीच सरकली होती. सोडवून पाहिलं तर स्पिंडलच्या खांद्यामागे ग्राइंडिंगच्या चाकाची धूळ आणि तेल मिळून काळा, करकरीत लेप जमलेला. बोटावर घासला की खरखर लागायची. सगळं पुसलं, प्लेट बॉडीशी दाबून स्क्रू आवळला, खेळ 0.01 वर आला. तरीही प्रत्येक दाताला ड्रॉबार (कोलेट मागून आवळणारा दांडा) बोटाने मागे ओढून धरतो. चाकही कटरला मागेच ढकलतं, म्हणजे खांदा बॉडीला टेकलेलाच राहतो. आणि पहिला व दुसरा क्लिअरन्स कोलेट न सोडता एकाच बैठकीत घासतो.

आता माझी खरी तक्रार कोलेटबद्दल आहे. फाइव्ह-सी नेमक्या मापापलीकडे जवळजवळ काही पकडत नाही. शँकवर (कटरच्या दांड्यावर) होल्डरच्या स्क्रूने उठलेली बारीकशी कड असली तरी कटर वाकडा बसतो. दर वेळी ती काढायला ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) फिरवावा लागतो.

बाजूच्या पिळाच्या धारेला हे साधन नाही. तिथे दाताखाली टेकू देणारं धातूचं बोट लागतं आणि स्पिंडल फिरता फिरता सरकावा लागतो. असमान अंतराच्या दातांनाही ठरावीक भोकं मोजून चालत नाही. पाच दातांना 72 अंश मात्र व्यवस्थित लागतात.

तोच कोपरा उडालेला कटर पुन्हा घासला. चारही दात शतांश मिलिमीटरच्या आत आले. दोन महिने तोच चालवतोय, नवीन घ्यावा लागलेला नाही.