टिक्का .२२३ आणि ५-२५ स्कोप : प्रेअरी डॉगच्या हंगामानंतरचा अनुभव

रायफल कुठली आणि कॅलिबर कुठलं यावर हवी तेवढी चर्चा होते. रायफल आणि स्कोप एकमेकांना नीट जोडलेत का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या पूर्व कोलोरॅडोच्या गवताळ रानात हंगामभर वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की लांबचा नेम निम्मा तरी या जोडणीवरच ठरतो.

प्रेअरी डॉग हा नावाला कुत्रा, पण आहे खारीच्या कुळातला. जमिनीत बिळं करून वसाहतीनं राहतो. मागच्या पायांवर उभा राहिला तरी जेमतेम फूटभर उंच आणि रुंदीला तीन-चार इंच. गुरांच्या चराईचं गवत तो मुळापर्यंत कुरतडतो, म्हणून रँचवाले नेमबाजांना परवानगी देतात. स्मॉल गेम लायसन्स काढावं लागतं. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, हे सगळं इथल्यापुरतं.)

माझी रायफल .२२३ कॅलिबरची टिक्का टी३एक्स व्हारमिंट. जाड नळी, १:८ चा पीळ (आठ इंचांत गोळीचा एक फेरा). बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि ट्रिगर हलका, स्वच्छ सुटतो. बरेच जण .२२-२५० कॅलिबरची घ्या म्हणाले. ते जास्त वेगवान, मान्य. पण त्यात दारू जास्त जळते, नळी लवकर तापते आणि लवकर झिजतेही. .२२३ ला धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते स्कोपमधून स्वतःच दिसतं. चुकलेल्या गोळीनं उडालेली धूळ डावीकडे दिसली की पुढचा नेम लगेच सुधारता येतो. माझ्या दृष्टीनं हा फायदा सेकंदाला चारेकशे फुटांच्या जादा वेगापेक्षा मोठा आहे.

स्कोप व्होर्टेक्स व्हायपर पीएसटी जेन २, ५-२५×५० (५ ते २५ पट झूम, पुढची भिंग ५० मिमी), मिलमधला. मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर ३.६ इंच. वजन ३१ औंसांच्या वर, म्हणजे खांद्याला लावून भटकायची ही रायफल नव्हे. पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे वाळूची पिशवी लावून पडून मारायची.

आता जोडणी. आधी एका दुकानातून स्कोप बसवून घेतला होता. काढला तर ट्यूबवर रिंगांचे ओरखडे आणि क्रॉस (स्कोपमधल्या नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) डोळ्यांना जाणवेल इतका तिरका. मग दमदार रिंगा आणि टॉर्क रेंच आणून सगळं घरी पुन्हा बसवलं. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १८ इंच-पौंड, त्याहून जास्त नाही. चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं तिरक्या क्रमानं आवळायचे आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची. एकच बाजू आधी आवळली की स्कोप हळूच फिरतो, आणि केलेली सगळी मोजमापं वाया जातात.

क्रॉस सरळ करायला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. रायफल लेव्हलमध्ये पक्की धरायची, समोर दूरवर ओळंबा टांगायचा, वारा पडेपर्यंत थांबायचं आणि क्रॉसची उभी रेघ दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत स्कोप फिरवायचा. एवढा खटाटोप कशाला? ४०० यार्डांसाठी २ मिल वर घेतले की ती उंची जवळपास २९ इंच होते. टरेट (नेम वर-खाली करायचं स्कोपवरचं चाक) ३ अंशांनी तिरका असेल तर गोळी दीड इंच बाजूला जाते. तीन इंच रुंदीच्या प्राण्याच्या मध्यावर धरलेला नेम म्हणजे कडेला गेला.

त्यानंतर टरेटची परीक्षा. १०० यार्डांवर ओळंब्यानं उभी रेघ मारलेला उंच कागद लावला, खाली नेम धरला आणि ५ मिल चढवले. हिशेबानं गोळ्या १८ इंच वर लागायला हव्यात. तिथेच लागल्या, आणि रेघ सोडून बाजूला गेल्या नाहीत. परत शून्यावर आणल्यावर जुन्याच भोकांपाशी आल्या. या परीक्षेनंतर स्कोपवर जो विश्वास बसला तो हंगामभर टिकला.

झिरो, म्हणजे टरेट शून्यावर असताना नेम धरू तिथेच गोळी लागते ते अंतर, मी १०० यार्डांचाच ठेवतो. तिथे वाऱ्याचा आणि तापलेल्या हवेचा त्रास नगण्य, त्यामुळे झिरो खरा मिळतो. पुढचं सगळं टरेटवर. काडतुसांच्या खोक्यावरचा तक्ता मात्र जसाच्या तसा घेऊ नका. इथली उंची ५,००० फुटांच्या आसपास, हवा विरळ. ५५ ग्रेन वजनाची व्ही-मॅक्स गोळी ४०० यार्डांवर समुद्रसपाटीच्या तक्त्यापेक्षा टरेटचे एक-दोन क्लिक वरच लागते.

खरा कस वाऱ्यात लागतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळीला आठ-नऊ इंच ढकलतो. टरेट फिरवेपर्यंत वारा बदलतो, म्हणून वाऱ्यासाठी मी रेटिकलवरच (क्रॉसवरच्या मिलच्या खुणांवर) बाजूला धरतो. स्कोप फर्स्ट फोकल प्लेनचा (झूमबरोबर क्रॉसही लहान-मोठा होणारा) असल्यानं झूम कितीही असो, मिलच्या खुणेचं माप तेच राहतं. २५ पट झूम मात्र सकाळी तासभरच उपयोगी. ऊन चढलं की गवत पाण्यासारखं हलायला लागतं, मग १४-१६ च्या वर काहीच स्पष्ट दिसत नाही. पॅरॅलॅक्सच्या (डोकं हललं की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवायच्या) चाकावरचे आकडे बघू नका. डोकं किंचित हलवा, क्रॉस लक्ष्यावरून सरकला नाही की झालं.

नळी जाड असली तरी तापतेच. हात लावून धरवत नसेल तर बोल्ट उघडा टाकायचा आणि दुर्बीण घ्यायची. दुर्बीण तशीही लागतेच, कारण याच बिळांमध्ये बरोइंग आऊल नावाची छोटी घुबडं राहतात. ती कायद्यानं संरक्षित आहेत आणि बिळाच्या तोंडाशी उभी असली की दुरून सहज फसवतात. खात्री होईपर्यंत बोट ट्रिगरवर जाता कामा नये. मागे मातीचा उतार नसेल, नुसतं आकाश असेल, तर गोळी सोडायचीच नाही.

शिशाच्या बाबतीत मी बदललोय. मेलेले प्राणी ससाणे आणि गरुड खातात आणि शिशाचे बारीक तुकडे त्यांच्या पोटात जातात. म्हणून २०० यार्डांच्या आत आता शिसेविरहित ३६ ग्रेनची व्हारमिंट ग्रेनेड नावाची गोळी वापरतो. ती हलकी असल्यानं लांबवर वेग झपाट्यानं गमावते आणि तिचा झिरोही वेगळा लिहून ठेवावा लागतो. तरी जवळच्या वसाहतीसाठी तीच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

हंगाम सुरू होण्याआधी रिंगांचे स्क्रू तपासा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली की स्क्रू हलला का ते नजरेनंच कळतं. आणि १५० यार्डांपलीकडे मारायचंच नसेल तर एवढा खर्च करू नका. .१७ एचएमआर कॅलिबरची छोटी रायफल आणि साधा ३-९ स्कोप भरपूर झाला.