इंजिन आज उचलावं की येन उतरायची वाट बघावी?

होडीसाठी जपानी आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायचं ठरलं असेल, तर हॉर्सपॉवर आणि पेट्रोलच्या गप्पा मालवणच्या बंदरावर रोजच होतात, त्या इथे नकोत. प्रश्न एवढाच, की डीलरकडे उभं असलेलं इंजिन आजच उचलायचं, की बुकिंग करून दर उतरायची वाट बघायची? मी दोन्ही करून बसलोय.

आधी एक गोष्ट. आपण टीव्हीवर डॉलर बघतो, पण डीलरला मागून येणारं बिल येनमध्ये, म्हणजे जपानी चलनात असेल तर डॉलरवरून काही कळत नाही. २०२० मध्ये डॉलर पंच्याहत्तरच्या आसपास होता आणि शंभर येनला सत्तरेक रुपये पडत. २०२४ च्या जुलैत डॉलर ८३ च्या वर गेला, तरी शंभर येन ५२ रुपयांपर्यंत खाली आले. म्हणजे रुपया पडला अशी ओरड चालू होती आणि जपानी माल मुळात स्वस्त झालेला. बिल कुठल्या चलनात येतं, हे डीलरला पहिल्यांदा विचारा.

त्या वर्षी मी थांबलो. जूनमध्ये आगाऊ रक्कम भरली. येन रोज घसरत होता, आणखी घसरेल असं वाटलं. जुलैच्या सुरुवातीला डॉलरला १६१ येन झाले तेव्हा डीलरला फोन केला, भाव कमी करा म्हटलं. तो म्हणाला, "हा लॉट जुन्या दराने आलाय, भाव तोच." ठीक आहे म्हटलं. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शंभर येन ५८-५९ च्या घरात. डिलिव्हरी घ्यायला गेलो तर, "नवीन रेट लागू झाला, साहेब." आणि खोकं तेच! जूनमध्ये माझ्यासमोर निळ्या पेनने त्यावर माझं नाव लिहिलं होतं, ते तसंच होतं. फक्त खोक्यावर धूळ वाढली होती. पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतंच: 'किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची'. दर उतरला की माल जुना आणि चढला की भाव नवा. माझा थांबण्यावरचा विश्वास तिथे उडाला.

वर ड्युटी, म्हणजे आयात शुल्क. ती टक्क्यांत असते, आणि माल सोडवायला कागद दाखल होतात त्या दिवशी कस्टम्सचा जो जाहीर दर असेल, त्यावर मोजतात. म्हणजे येन चढला की ड्युटीची रक्कमही चढते. पण दुकानात उभ्या असलेल्या मालाची ड्युटी केव्हाच भरून झालेली असते, हे घासाघीस करताना लक्षात ठेवा.

थांबण्यात फायदा नाहीच, असं मी म्हणणार नाही. जुनं इंजिन ठणठणीत असेल, डीलर भाव लेखी बांधून देत असेल, तर वाट बघायला हरकत नाही. माझं जुनं मात्र धड चालू होत नव्हतं. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली आणि पैसे जुळेपर्यंत मी किनाऱ्यावर. शेजारचा काका जाळं झाडता झाडता म्हणाला, "बस आता येनची पूजा करत!" बांगडा लागत होता हो तेव्हा.

धाकट्या भावाच्या होडीचं इंजिन २०२५ च्या जूनमध्ये उभ्या स्टॉकमधून उचललं. शंभर येन तेव्हाही एकोणसाठच्या आसपास, म्हणजे ज्या दराने मी वर्षापूर्वी कपाळ बडवलं तोच. तरी समाधान वाटलं. बंदीच्या दिवसांत दुकान ओस असतं, मालक चहा पाजतो. किमतीत त्याने फारसं सोडलं नाही, पण एक जादा पंखा (प्रोपेलर), दोन इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) आणि पहिली सर्व्हिस पदरात पाडून घेतली. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू आहे, इम्पेलर खातेच, आणि तो सीझनमध्ये लागला की दर विचारायलाही सवड नसते.

स्टॉकमधलं घेताना खोकं उघडून घ्या. खाऱ्या हवेत वर्षभर पडलेलं असेल तर बोल्टांच्या डोक्यांवर आधी कळतं. आमच्या इंजिनाच्या एका क्लॅम्पवर तांबूस डाग होता. तो दाखवल्यावर दुसरा इम्पेलर मिळाला.